ट्रान्झिस्टर अर्ध्यात लटकला की तापतो

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर, १९८६ पासून माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ आता महिन्यातून एखादाच येतो. येतात ते एलईडी बल्ब, फवारणी पंपाचे चार्जर आणि वावरात लावायची झटका मशीन. या सदरासाठी आलेल्या पत्रांतली चार पत्रं या वेळी घेतली आहेत. पहिल्याला बरीच जागा दिली, कारण त्यातली चूक माझ्या टेबलावर आठवड्यातून एकदा तरी येतेच.

प्रश्न : काका, नमस्कार. माझं वावर अकोट तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. चार एकर तूर, दोन एकर हरभरा. रात्री रोही (नीलगाय) आणि रानडुकरं येतात. मचाणावर जागलीला बसतो, पण रोज जमत नाही. म्हणून धुऱ्यावर लुकलुकणारे दिवे लावायचं ठरवलं. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी, एक आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा बोर्ड), एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि दहा पांढरे एलईडी घेतले. ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी (कलेक्टर, बेस, एमिटर) कलेक्टर बॅटरीच्या प्लसला जोडला. एमिटरला सगळे एलईडी, प्रत्येकाला ४७० ओहमचा वेगळा रेझिस्टन्स, आणि त्यांचं दुसरं टोक मायनसला. नॅनोच्या पिनपासून बेसला १ किलोओहम. दिवे लागतात, पण मिणमिण. ४७० काढून ४७ ओहम टाकले तेव्हा उजेड वाढला, पण ट्रान्झिस्टरला बोट लावता येईना आणि दहा मिनिटांत तो गेला. दुसरा टाकला, तोही गेला. तोच एलईडी ४७० ओहमसकट थेट बॅटरीला लावला तर लख्ख पेटतो. मला ट्रान्झिस्टर डुप्लिकेट मिळाले का?

उत्तर : भाऊ, तुम्ही जोडणी इतकी नीट लिहून पाठवली की मला कागदावर ती तशीच काढता आली. ट्रान्झिस्टरवर संशय घेऊ नका. दिवे चुकीच्या पायाला बांधले गेले आहेत.

बीसी ५४७ हा एनपीएन जातीचा ट्रान्झिस्टर, म्हणजे बेसला थोडा करंट दिला की कलेक्टरकडून एमिटरकडं मोठा करंट सोडणारा. तो चालू राहायचा असेल तर बेसचं व्होल्टेज एमिटरपेक्षा साधारण ०.७ व्होल्टनं वर हवं. तुमच्या जोडणीत नॅनोची पिन बेसला फार तर ५ व्होल्ट देते. म्हणजे एमिटर जास्तीत जास्त ४.३ व्होल्टपर्यंत चढेल. त्याच्या वर जायला लागला की बेस आणि एमिटरमधलं अंतर कमी पडतं आणि ट्रान्झिस्टर स्वतःलाच आवरतो. कलेक्टरला १२ व्होल्ट द्या नाहीतर २४ द्या, एमिटर बेसच्या मागंमागंच चालणार. पांढऱ्या एलईडीला स्वतःलाच ३ व्होल्टच्या आसपास लागतात. उरले सव्वा व्होल्ट, तेही ४७० ओहममधून. करंट येतो दोन-अडीच मिलिअँपिअर. थेट बॅटरीला लावल्यावर हाच करंट १८-१९ मिलिअँपिअर होतो. तुम्हाला जो फरक डोळ्यांनी दिसला, तो हाच.

आता ट्रान्झिस्टर का जळला ते बघा. ४७ ओहम टाकल्यावर दहा एलईडींचा मिळून १०० मिलिअँपिअरच्या घरात करंट वाहू लागला. बॅटरीचे १२ व्होल्ट आणि एमिटरवर जेमतेम ४. मधले ८ व्होल्ट गेले कुठं? ते ट्रान्झिस्टरच्या अंगावर पडले. ८ व्होल्ट गुणिले ०.१ अँपिअर म्हणजे ०.८ वॅट. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या त्या काळ्या प्लॅस्टिकची ताकद अर्ध्या वॅटच्या आसपास. शिवाय कलेक्टर करंटची त्याची हद्दच १०० मिलिअँपिअर आहे. तो दहा मिनिटं टिकला हेच पुष्कळ झालं.

ही गोष्ट मला ज्यांनी शिकवली ते माझे यवतमाळचे उस्ताद. १९८८ च्या गणपतीत मी पहिल्यांदा पळते दिवे केले होते. ठोके देणारी ५५५ आणि दिव्यांची पाळी पुढं सरकवणारी ४०१७ या दोन आयसी, आणि पुढं दहा एसएल १०० ट्रान्झिस्टर टॉर्चचे छोटे बल्ब चालवायला. प्रत्येक बेसला मी १० किलोओहम लावला होता, कारण कुणाच्या तरी वहीत तसं लिहिलं होतं. बल्ब निखाऱ्यासारखे लालसर दिसायचे आणि एसएल १०० ची पत्र्याची टोपी तव्यासारखी तापायची. मी रात्रभर बल्ब बदलत बसलो. सकाळी उस्ताद आले, मीटरची एक काडी कलेक्टरला आणि दुसरी एमिटरला लावली, काटा पाहिला आणि म्हणाले, "हा ना बंद हाये ना चालू. अर्ध्यात लटकला, म्हणून तापून राह्यला." मग त्यांनी प्रत्येकाच्या अलीकडं एकेक बीसी १४८ जोडून बेसला पोटभर करंट दिला. बल्ब पांढरे पेटले आणि टोप्या गार पडल्या. तेव्हापासून मी तापलेला ट्रान्झिस्टर बदलण्याआधी हेच मोजतो.

तुमच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर डोळ्यापुढं आणा. हिरवं बटण दाबलं की एका छोट्या कॉइलला करंट जातो, ती कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीचा मोठा स्विच, ओढते आणि पाच एचपीची मोटार फिरते. बटणातून जाणारा करंट थोडा, मोटारीचा मोठा. बेस म्हणजे ती कॉइल समजा. आता व्होल्टेज कमी असलं की काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. कॉइलला पुरेसं बळ मिळत नाही, कॉन्टॅक्टर थरथरतो आणि पॉइंट जळून काळे पडतात. मोटार बंद असताना पॉइंट जळत नाहीत, घट्ट बसल्यावरही जळत नाहीत. जळतात ते मधल्या अवस्थेत. बेसला करंट कमी पडला की ट्रान्झिस्टरचंही असंच होतं. पूर्ण बंद असताना त्याच्यातून करंट नाही, म्हणून उष्णता नाही. पूर्ण उघडा असताना करंट आहे, पण त्याच्या अंगावर ०.२ व्होल्टच पडतात, म्हणून उष्णता नगण्य. मधे अडकला की व्होल्टही अंगावर आणि करंटही अंगातून.

म्हणून स्विचचं काम घ्यायचं तेव्हा एनपीएनचा एमिटर सरळ मायनसला बांधायचा. दिवे वर, बॅटरीच्या प्लस आणि कलेक्टर यांच्या मधे. मग बेसला ०.७ व्होल्टच्या वर फक्त करंट द्यायचा असतो, आणि त्यासाठी नॅनोचे ५ व्होल्ट भरपूर होतात. बॅटरी १२ ची असली तरी हरकत नाही.

एलईडीही एकेकटे लावू नका. एका एलईडीला १२ व्होल्टवर चालवलं की ३ व्होल्टचा उजेड होतो आणि बाकीचे ९ व्होल्ट रेझिस्टन्स तापवण्यात जातात. तीन पांढरे एकामागे एक ओळीनं लावा. तिघांचे ३.२ धरून ९.६ व्होल्ट झाले. भरलेली बॅटरी साधारण १२.७ दाखवते. त्यातून ९.६ आणि ट्रान्झिस्टरचे ०.२ गेले, उरले २.९. २० मिलिअँपिअरच्या आत राहायला १५० ओहम लावा, करंट १९ च्या आसपास येईल. बॅटरी उतरून ११.५ वर आली तरी ११ मिलिअँपिअर मिळतील. तेव्हा उजेड थोडा मंदावेल, पण दिसेल. अशा चार ओळी करा. बारा एलईडी होतात आणि एकूण करंट ८० मिलिअँपिअरच्या आत राहतो. दहाऐवजी बारा दिवे लागले आणि थेट जोडणीत जो करंट गेला असता त्याच्या निम्म्याहून कमी लागला.

८० मिलिअँपिअर बीसी ५४७ च्या हद्दीत आहे, पण अगदी काठावर. मी तिथं बीसी ३३७ लावतो. पायांची रचना तीच आहे. सपाट बाजू आपल्याकडं आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. आणि तो ८०० मिलिअँपिअरपर्यंत जातो. किमतीत फरक किरकोळ आहे. जुना एसएल १०० पडून असेल तर तोही चालेल, फक्त त्याची पत्र्याची टोपी आतून कलेक्टरला जोडलेली असते, ती कशाला टेकू देऊ नका.

आता बेसचा रेझिस्टन्स. इथं बहुतेक जण पुस्तकातला गेन, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमध्ये वाहतो तो आकडा, घेऊन बसतात. बीसी ५४७ चा गेन २०० आहे, मग ८० भागिले २००, म्हणजे ०.४ मिलिअँपिअर पुरेल असा हिशोब करतात. तो गेन ट्रान्झिस्टर अर्धा उघडा असताना, आवाज मोठा करायच्या कामाचा आहे. स्विच पूर्ण उघडायचा असेल तर बेसला कलेक्टर करंटचा दहावा हिस्सा द्या. बनवणारे स्वतः पूर्ण उघडलेल्या अवस्थेचे व्होल्ट मोजतात तेव्हा बेसला दहावा किंवा विसावा हिस्सा देऊनच मोजतात. ८० चा दहावा हिस्सा ८ मिलिअँपिअर. पिनचे ५ व्होल्ट वजा ०.७, राहिले ४.३. ४.३ ला ८ मिलिअँपिअरनं भागलं की ५३७ ओहम येतात. दुकानात ५६० मिळतो, तो लावा. ४७० मिळाला तरी चालेल. नॅनोची पिन २० मिलिअँपिअरपर्यंत आरामात देते.

आणखी एक १० किलोओहम बेस आणि एमिटरच्या मधे टाका. नॅनो सुरू होताना काही क्षण पिन कुणाच्याच ताब्यात नसते, तेव्हा हा रेझिस्टन्स बेसला मायनसला धरून ठेवतो. नसला तर दिवे उगाच चमकतात. मोठं नुकसान होत नाही, पण मला ते आवडत नाही.

नॅनोला वीज कुठून देता ते तुम्ही लिहिलं नाही. त्याच बॅटरीवरून व्हीआयएन पिनला (बाहेरची वीज घ्यायची पिन) दिली असेल तर ठीक. मोबाईलच्या पॉवर बँकवरून देत असाल तर पॉवर बँकचा मायनस आणि पंपाच्या बॅटरीचा मायनस एका तारेनं जोडा. ही तार विसरली की बेसमधून गेलेल्या करंटला परतायला वाट राहत नाही, आणि माणूस तासभर प्रोग्राम तपासत बसतो. शिवाय बहुतेक पॉवर बँका इतक्या कमी करंटवर मोबाईल काढून घेतला असं समजून आपोआप बंद होतात. बॅटरीच बरी.

सगळं जोडल्यावर मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. प्रोग्राममध्ये दिवे सतत चालू ठेवून काळी काडी एमिटरला आणि लाल कलेक्टरला लावा. ०.१ ते ०.३ दिसलं तर स्विच पूर्ण उघडला, निश्चिंत राहा. एक-दोन व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसलं तर तो लटकला आहे, बेसला करंट कमी पडतोय किंवा पाय उलटे लागलेत. मग लाल काडी बेसला न्या. तिथं ०.७ च्या आसपास हवं. शून्य आलं तर पिनपासून काही पोचतच नाही, सोल्डरचा डाग बघा. चार-पाच व्होल्ट आले तर बेस आणि एमिटरमधला जोड आतून तुटला आहे, म्हणजे ट्रान्झिस्टर गेला.

बॅटरीची काळजी करू नका. दिवे अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद धरले तर सरासरी ४० मिलिअँपिअर, नॅनोचे पंचवीस-तीस. १२ तासांच्या रात्रीत पाऊण ते एक अँपिअर-तास गेला. तुमच्या पंपात ८ अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर तिचा आठवा-दहावा हिस्सा झाला. सकाळी फवारणीला ती कमी पडणार नाही. हिवाळ्यात धुऱ्यावर दव फार पडतं, म्हणून बोर्ड झाकणाच्या डब्यात ठेवा आणि तारा डब्याच्या खालच्या बाजूनं बाहेर काढा. आणि दिव्यांची जागा दर आठ-दहा दिवसांनी बदला, लुकलुकायचा वेगही बदलत राहा. जनावर एका जागच्या दिव्याला सरावतं.

तुम्ही हा १२ व्होल्टचा मार्ग धरला याचं मला मनापासून बरं वाटलं. पीक वाचवायला तारेच्या कुंपणात घरगुती लाईन सोडणारे लोक आपल्या विदर्भात आहेत. त्यात वाघ मेले आहेत, बिबट मेले आहेत, आणि रात्री पाणी द्यायला निघालेली माणसंही गेली आहेत. कधी शेजारी, कधी खुद्द घरचाच माणूस. माझ्या दुकानात दोनदा असे लोक आले, तारेत "थोडंच" करंट सोडायला काही बसवून द्या म्हणून. मी दोन्ही वेळा त्यांना बाकावर बसवून घेतलं, चहा पाजला आणि नाही म्हणालो. २३० व्होल्टची तार भिजलेल्या मातीत उभ्या माणसाला सोडत नाही. तो गुन्हा आहे, वीज कायद्यानं आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंही. तयार झटका मशीन वेगळं असतं. ते क्षणभराचा मोजका धक्का देतं आणि मधे थांबतं, म्हणून अंग सुटतं. पैसे जमले की ते घ्या. तोवर दिवे लावा, जागल करा, शेजारच्या धुऱ्यावाल्यांशी पाळ्या लावून घ्या.

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. सातवीच्या मुलांनी अंधार पडला की लागणारा दिवा केला. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा रेझिस्टन्स), बीसी ५४७ आणि एक एलईडी. पण आमचा दिवा उजेडात लागतो आणि अंधारात विझतो. एलडीआरची जागा बदलली तर अंधारात लागतो, पण अगदी फिका. मुलं हिरमुसली आहेत. प्रदर्शन जवळ आलं आहे.

उत्तर : ताई, मुलांना सांगा की त्यांचं निम्मं काम बरोबर झालं आहे. एलडीआरवर उजेड पडला की त्याचा रोध कमी होतो, शेकडो ओहमपर्यंत खाली येतो. काळोखात तो लाखो ओहमपर्यंत चढतो. एलडीआर प्लस आणि बेसच्या मधे होता तेव्हा उजेडात बेसला करंट मिळाला, म्हणून दिवा दिवसा लागला. तो बेस आणि मायनसच्या मधे नेला की उजेडात बेसचा करंट तो मायनसला पळवतो. अंधारात पळवत नाही, मग दिवा लागतो. इथपर्यंत त्यांनी शोधून काढलंच.

फिका का, याचं कारण वरच्या अकोटच्या उत्तरात आहे. प्लसपासून बेसला तुम्ही बहुधा ४७ किलोओहम लावला असणार, चित्रांत तोच असतो. ९ वजा ०.७ म्हणजे ८.३ व्होल्ट, ते ४७ किलोओहममधून, म्हणजे ०.१८ मिलिअँपिअर. एलईडीला २० हवेत तर बेसला २ हवेत. त्यात अंधार अर्धवट असला की त्या ०.१८ मधलाही हिस्सा एलडीआर पळवतो. ट्रान्झिस्टर लटकला. तो रेझिस्टन्स लहान करावा तर उलटी अडचण येते. मग दिवसा वर्गातल्या सावलीत एलडीआर तेवढा करंट पळवू शकत नाही आणि दिवा भरदिवसा लागून राहतो.

यावर उपाय दोन ट्रान्झिस्टरांचा. पहिल्याच्या बेसला एलडीआर प्लसकडून जोडा, आणि त्याच बेसपासून मायनसला ४७ किलोओहम. पहिल्याचा कलेक्टर ४.७ किलोओहममधून प्लसला. तोच कलेक्टर दुसऱ्याच्या बेसला. दोघांचे एमिटर मायनसला. दुसऱ्याच्या कलेक्टरला एलईडी आणि त्याचा रेझिस्टन्स, पांढरा एलईडी असेल तर ३३० ओहम. उजेडात पहिला उघडतो आणि दुसऱ्याचा बेस मायनसला दाबून धरतो, दिवा बंद. अंधारात पहिला मिटतो, मग ४.७ किलोओहममधून दुसऱ्याला पावणेदोन मिलिअँपिअर मिळतात आणि तो पूर्ण उघडतो. उजेड पारखायचं नाजूक काम पहिल्याकडं, ओझं ओढायचं दुसऱ्याकडं. एलडीआरच्या ओळीत १ किलोओहम नक्की टाका, नाहीतर मुलं तो भर उन्हात धरतील आणि पहिल्याचा बेस जळेल.

एक गोष्ट आधीच बघून ठेवा. एलईडीचा उजेड एलडीआरवर पडू देऊ नका. पडला तर दिवा लागतो, एलडीआरला दिवस उगवल्यासारखं वाटतं, दिवा विझतो, पुन्हा अंधार, पुन्हा लागतो. एलडीआरला पेनाच्या काळ्या टोपणाची नळी घाला.

आणि ताई, प्रदर्शनात मुलांना पाठ केलेलं बोलायला लावू नका. मीटर त्यांच्या हातात द्या. ज्या मुलानं अंधारात आणि उजेडात कलेक्टरचे व्होल्ट स्वतः मोजून दाखवले, त्याला पुढं कुणी काही समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे, राळेगाव तालुका. दोन सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर, लाल एलईडी ट्रान्झिस्टरनं छान लागतो. तिथंच पांढरा लावला तर नीट लागत नाही. असं का? आणि एलईडी आधी आला की ट्रान्झिस्टर?

उत्तर : एलईडी ज्या रंगाचा प्रकाश देतो त्या प्रकाशाच्या कणाला जितकी ऊर्जा लागते, साधारण तितके व्होल्ट त्याला मिळावे लागतात. लाल प्रकाशाची ऊर्जा कमी, म्हणून त्याचं २ व्होल्टच्या आसपास भागतं. पांढऱ्या एलईडीच्या आत खरं तर निळा तुकडा असतो. त्यावर पिवळसर पावडरीचा थर असतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. निळ्याला ३ व्होल्टच्या वर लागतात. तुझे ३ व्होल्ट, त्यातून ट्रान्झिस्टरचे ०.२ गेले, वर रेझिस्टन्स. तीन सेल घे आणि रेझिस्टन्स ६८ ओहमचा लाव.

रोजच्या वापरातल्या एलईडीचं विचारत असशील तर ट्रान्झिस्टर आधी. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये १९४७ च्या डिसेंबरात जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी तो चालवून दाखवला. त्या दोघांना आणि विल्यम शॉकली यांना १९५६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. डोळ्याला दिसेल असा लाल एलईडी १९६२ साली निक होलोनियाक यांनी केला, आणि हे होलोनियाक बार्डीन यांचेच विद्यार्थी. पहिला ट्रान्झिस्टर गुरूनं केला आणि त्यानं पेटवायचा लाल दिवा शिष्यानं, हे मला फार भावतं. उजळ निळ्याला मात्र १९९० चं दशक उजाडावं लागलं. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. तुझ्या घरातला पांढरा बल्ब त्या निळ्यावरच चालतो.

प्रश्न : मोर्शी तालुक्यात संत्र्याची बाग आहे. टाकी भरली की मोटार बंद व्हावी म्हणून १२ व्होल्टचा रिले (कॉइलनं ओढला जाणारा स्विच) बीसी ५४७ नं चालवतो. दोन-चार दिवस चालतो, मग रिले ओढलेलाच राहतो. एलईडी लावून पाहिला तेव्हा हीच जोडणी महिनाभर बिनबोभाट चालली.

उत्तर : भाऊ, एलईडी आणि कॉइल यांच्यात फरक आहे. १२ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल ४०० ओहमच्या आसपास असते, म्हणजे ३० मिलिअँपिअर. तेवढं बीसी ५४७ सहज पेलतो. पण कॉइलमधला करंट एकदम तोडला की तिच्यात साठलेलं चुंबकत्व ढासळतं आणि क्षणभर खूप मोठं उलटं व्होल्टेज उसळतं. बीसी ५४७ ची सहनशक्ती ४५ व्होल्ट. दर वेळी रिले सुटताना त्याला असा तडाखा बसतो, आणि एक दिवस कलेक्टर ते एमिटर आतून चिकटतात. मग बेसला काही दिलं नाही तरी रिले ओढलेलाच राहतो.

१एन ४००७ डायोड रिलेच्या कॉइलच्या दोन टोकांवर आडवा लावा. पांढरी पट्टी असलेलं टोक प्लसच्या बाजूला. उसळलेला करंट त्यातून कॉइलमध्येच फिरून विरतो. पट्टी उलटी लागली तर रिले ओढणार नाही आणि नवा ट्रान्झिस्टरही जाईल, म्हणून बॅटरी जोडण्याआधी दोनदा बघा. जुना ट्रान्झिस्टर काढून मीटरच्या बीपवर कलेक्टर-एमिटर तपासा, बीप वाजेल. रिलेच्या पलीकडची मोटारीची बाजू वायरमनकडून करून घ्या आणि रिले मोटारीच्या तारेत घालू नका. तो फक्त स्टार्टरच्या कॉइलची तार तोडेल असा लावायला सांगा. पाच एचपीचा करंट त्या छोट्या रिलेचे पॉइंट एका हंगामातच चिकटवून टाकेल.